खोक्यावरचं तोंड

आमच्या साबणाच्या खोक्यावर सासूबाईंचं तोंड आहे. म्हणजे होतं. आहे म्हणायचं की होतं म्हणायचं, ते पुढचं वाचून तुमचं तुम्हीच ठरवा.

सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माणूस गेलं की त्याचे कपडे वाटून टाकतात, चष्मा कपाटात जातो, चपला कुणीतरी घालून झिजवतं. सासूबाईंचं तोंड मात्र रोज सकाळी गठ्ठ्यांनी बांधून आमच्याच दारातून बाहेर पडायचं आणि गावभरच्या दुकानांत फळ्यांवर जाऊन बसायचं. मी कढईपुढे उभी राहून साबण घोटायचा, तार लावून वड्या पाडायच्या, वाळवायच्या, आणि वरून तोंड कुणाचं, तर त्यांचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. भुवया चढवलेल्या, ओठांची टोकं खाली, नजर अशी की साबण घेणाऱ्याने आधी हात धुऊन यावं. एका पाट्या रंगवणाऱ्याने ते चित्र काढलं होतं. त्याचा कुंचला जाड, हातही जाड, म्हणून रेघा मोजक्याच. पण मेल्याने त्या मोजक्या रेघांत सासूबाई अशा पकडल्या होत्या, की लग्न होऊन आले तेव्हा खोकी घडी करताना मी त्यांना पालथं ठेवत असे.

साबण चांगला होता म्हणून खपला. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. सासूबाईंना शेवटी शेवटी तेल किती आणि कॉस्टिक सोडा किती हेही आठवत नसे. हात माझे, घाम माझा, आणि दुकानदार विचारणार, "म्हातारीचा साबण आणलात का?" तेव्हा मी चांगली तरणीताठी होते. आता मी स्वतः म्हातारी झाले, तरी म्हातारी म्हणजे त्याच. म्हातारपणसुद्धा मला माझ्या हक्काचं मिळालं नाही.

तर झालं असं, की छापखान्यात त्या चित्राचा जो ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा होता, तो झिजत चालला. आधी एक भुवई गेली, मग हनुवटी. शेवटच्या गठ्ठ्यावर तर एक डोळा आणि कान एवढंच उरलं होतं. छापखाना चालवते ती बाई माझ्या लेकीच्या वयाची. बापाच्या मागे तिनेच तो सांभाळला, आणि जीभ बापापेक्षा दोन बोटं लांब. म्हणाली, "काकू, ह्या ब्लॉकला आता निवृत्त करा. खोक्यावर बाई आहे की बटाटा, हे माझ्या माणसांना कळत नाही. नवीन चित्राची फाईल आणा. आणि फोटो आणू नका, व्हेक्टर आणा."

"ते काय असतं?"

तिने मला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरवर कुणाचातरी फोटो काढला. मोठा करत गेली, करत गेली. बघता बघता माणूस गेला आणि नुसते चौकोन चौकोन राहिले.

"फोटो म्हणजे ठिपके, काकू. लांबून माणूस, जवळून फरशी. आता हे बघा." एका दवाखान्याच्या पाटीवरचं पान काढलं, झाडाचं. तेही मोठं केलं. पान स्क्रीनभर झालं, स्क्रीनच्या बाहेर गेलं, तरी कडा सुरीने कापल्यासारखी. "ह्यात ठिपके नाहीत. ह्यात नुसता हुकूम आहे. इथून नीघ, एवढं वळ, तिथे थांब, आत रंग भर. कॉम्प्युटर दर वेळी हुकूम वाचतो आणि नव्याने काढतो. नखाएवढं काढा नाहीतर भिंतीएवढं."

मला लगेच कळलं. शाळेत मी अक्षरं जुळवण्यापुरती गेले, पण कळायला शाळा लागत नाही. साबणाची एक वडी ताणून कढईएवढी करायला गेलात तर तुकडेच व्हायचे. पण तिचं प्रमाण ठाऊक असलं, तेल एवढं, पाणी एवढं, आच एवढी, की मग वाटीभर करा नाहीतर पिंपभर. फोटो म्हणजे वडी. व्हेक्टर म्हणजे प्रमाण. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, उद्यापासून मी हे गिऱ्हाइकांना सांगणार."

"सांग," म्हटलं, "पण माझं आहे म्हणून सांग."

घरी परत येईपर्यंत माझं ठरलं होतं. प्रमाणच नवं मांडायचंय, तर तोंडही नवं. माझं.

जेवताना मी सगळ्यांना सांगितलं. थोरला मुलगा दुकानदारांकडे माल पोचवतो. त्यांच्याशी गोड बोलायचं काम त्याचं, त्यामुळे घरी येईपर्यंत गोडवा संपलेला असतो. तो म्हणाला, "आई, लोकांच्या ओळखीचं तोंड आहे ते."

"माझं होईल ओळखीचं. मी कुठे पळून चाललेय."

"तसं नाही गं. पण बाजारात..."

"बाजारात आधी साबण जातो. मग तू जातोस."

थोरल्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, माल बांधून घेते आणि कॉम्प्युटरवर बिलं करते. तिने नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छानच होईल, आई." धाकटा कढईवर असतो. त्याने मान वर न करता सांगितलं, "छान."

आता इथे आमच्या कारखान्याचा नियम सांगायला हवा. तीन खोल्या आणि मागची पडवी एवढाच आहे, पण कारखानाच तो. नियम मी घातलेला आहे. 'जमत नाही', 'येत नाही', 'होत नाही', ह्यातलं काही ज्याच्या तोंडून निघेल त्याने त्या दिवशी कढई घासायची. साबणाची कढई घासणं म्हणजे काय, हे घासणाऱ्यालाच ठाऊक. तळाला धरलेला थर खरवडता खरवडता माणसाला मेलेले नातेवाईक एकेक करून आठवतात. नियम फार गुणकारी निघाला. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांना सगळं जमतं.

चित्र काढायला माणूस शोधायची गरज नव्हती. आमचे जावईबापू तेच करतात. लोकांच्या दुकानांची, दवाखान्यांची चिन्हं काढतात, कॉम्प्युटरवर. लग्न ठरवताना मुलगा काय करतो विचारलं तर त्यांचे वडील म्हणाले होते, "बसून काम असतं." मला वाटलं, कारकून असेल. माणूस सज्जन, पण बोलायला अगदी कंजूष. एका वाक्यात भागत असेल तर दुसरं खर्च करणार नाही.

ते आले, मला खिडकीपाशी बसवलं. मी ठेवणीतले कपडे घातले होते. म्हणाले, "आई, थोडं हसा."

"साबण विकायचाय, दात नाही."

त्यांनी मुकाट्याने फोटो काढला आणि गेले. पुढे बरेच दिवस त्यांचं त्यावरच काम चालू असल्याचं लेक सांगत होती. इकडे आमची खोकी संपली. वाळलेला साबण फळ्यांवर चढत गेला, फळ्या भरल्या तसा पलंगाखाली गेला, पुढे जिन्याच्या पायऱ्यांवर. घरात पाय ठेवायचा तर साबणाला विचारून.

मग एका सकाळी फाईल आली. लेकीने ती सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवली आणि खाली लिहिलं, सगळ्यांनी बघून कसं वाटलं ते सांगा, ह्यांनी फार मेहनत घेतलीय.

मी माझ्या मोबाईलवर बोट ठेवलं. एक पांढरं कोरं पान आलं, त्याचा कोपरा दुमडलेला. पुन्हा ठेवलं. मोबाईल विचारायला लागला, हे कशात उघडू? मी म्हटलं, ते मला विचारतोस? पण मनातल्या मनात म्हटलं. मालकिणीनेच 'उघडत नाही' म्हणायचं, तर कढई कोणी घासायची? म्हटलं, घाई कशाला, आधी पोरं उघडतील, त्यांच्याकडे बघू.

थोरला आला. "बघितलं आई. एकदम रुबाबदार."

"भुवया कशा आल्यात?"

"भुवया तर विचारूच नकोस."

मी विचारलं नाही.

सूनबाई म्हणाली, "इतकं बारीक काम, आई. आकड्याला आकडा जुळवून केल्यासारखं." माझ्या तोंडात आकडे कुठून आले कळेना, पण चांगल्या अर्थाने म्हणत होती, म्हणून सोडलं.

धाकटा कढई ढवळत होता. "नव्या पद्धतीचं आहे," म्हणाला. "पटकन लक्षात येत नाही. पण तो नारिंगी रंग बरा दिसतो."

"मी नारिंगी आहे?"

"हल्ली असंच करतात गं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची तर फाईलच झाकलेली, तिची किंमत तासातासाला वाढत होती. मी लेकीला फोन केला. "छान झालंय," म्हटलं. "कपाळ विशेष आवडलं." कपाळ सगळ्यांनाच असतं. त्यात चूक निघायची धास्ती नाही.

तिकडून लेक रडवेली झाली. "आई, ह्यांना तुझीच भीती होती. रात्र रात्र झोपत नव्हते. म्हणत होते, आईंना पटलं नाही तर मी पुन्हा त्या घरी तोंड कसं दाखवू."

"मला न पटायला काय झालंय?" म्हटलं, आणि फोन ठेवला. जरा जडच गेला ठेवायला.

आठवडाभर छान छान म्हणून झाल्यावर थोरल्याने फाईल छापखान्यात पाठवून दिली, सोबत 'मंजूर' असं लिहून. दोन कप चहा होतायत तोवर छापखानेवालीचा फोन. "काकू, फाईल उघडत नाही. या जरा सगळे."

अख्ख्या गावात एकच बाई हे शब्द मोठ्याने बोलली. तिच्याकडे कढई नाही ना.

आम्ही सगळे गेलो. छापखाना म्हणजे पुढे टेबल, त्यावर कॉम्प्युटर, मागे यंत्रांची धडधड आणि सगळीकडे शाईचा वास. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवला.

"ही फाईल फोटो असल्याचं सांगतेय, आणि फोटो म्हणून उघडत नाहीये. हिच्या नावाचं शेपूट कुणी बदललं?"

थोरला खाकरला. "मी. एक मित्र म्हणाला, टिंबाच्या पुढची अक्षरं बदलली की उघडते."

"उघडली?"

"बदलली."

"म्हणजे गाढवाला घोड्याचं शेपूट बांधून शर्यतीला आणलंत." तिने शेपूट पुन्हा होतं तसं केलं आणि परत खटका मारला. स्क्रीनवर एक पाटी आली. ती वाचून म्हणाली, "हां, आता खरं बोलली. ही नव्या प्रोग्रामवर केलीय, माझा प्रोग्राम जुना आहे. होतं असं. ज्याने केली त्याच्याकडून जुन्या पद्धतीची मागवून घेऊ. तोवर मी शाई काढून ठेवते. तुम्ही सगळ्यांनी बघून मंजूर केलंय ना? किती रंग आहेत?"

"एकच, काळा," थोरला म्हणाला.

"नारिंगी," धाकटा म्हणाला, त्याच वेळी.

छापखानेवालीने एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं आणि सूनबाईकडे वळली. "वहिनी?"

सूनबाईने पदराशी नाही, पण आपल्या पिशवीच्या बंदाशी बराच वेळ चाळा केला. "मी बिलांच्या कॉम्प्युटरवर उघडली. टाइप करायच्या खिडकीत. पान भरून आकडे आले. मला वाटलं हे वरचं वरचं असेल, पुढे आई असतील. शेवटच्या पानापर्यंत गेले." तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. "आई आल्या नाहीत."

"तेच हुकूम ते," छापखानेवाली म्हणाली. "तुम्ही चित्र नाही, चित्राचं प्रमाण वाचत होतात. आणि दादा, तुमचं नारिंगी कुठलं?"

धाकट्याने मोबाईल पुढे केला. नखाएवढा एक नारिंगी चौकोन होता, त्यात दोन अक्षरं.

"अहो, हे प्रोग्रामचं चिन्ह आहे. ह्या जातीच्या प्रत्येक फाईलवर असतं."

"ही आई नाही?"

"नाही."

"मला वाटलं आता तोंडं अशीच काढत असतील," धाकटा म्हणाला. "दोन अक्षरांत."

उरला थोरला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा तो म्हणाला, "सगळेच छान म्हणत होते. मी कशाला मधे घाण करू?"

मग छापखानेवाली माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही?"

"मी कपाळ बघितलं," म्हटलं.

तिने नुसती मान हलवली आणि टेबलावरचे कागद नीट लावायला घेतले. पोरगी शहाणी आहे.

आता जावईबापूंना सांगणार कोण? तिघांनी तीन दिशांना माना फिरवल्या. मीच फोन लावला. "जावईबापू, छापखान्यात या. फाईलला काहीतरी झालंय."

"पण तुम्ही तर बघितली ना आई?"

"बघितली ना. नंतर बिघडली."

ते कॉम्प्युटर काखेत मारून आले. कपडे इस्त्रीचे, दाढी केलेली. सगळ्यांनी एवढं वाखाणलंय म्हटल्यावर माणूस तसाच येणार. झालं काय ते छापखानेवालीने दोन शब्दांत सांगितलं, तर म्हणाले, "चूक माझी. जुन्या पद्धतीची करून द्यायला हवी होती." बसले, चार खटके मारले. "झाली. आई, एकदा डोळ्यांखालून घाला."

मी केसांवरून हात फिरवला. स्क्रीनमधल्या बाईचे केस थोडेच विसकटणार होते, पण फिरवला.

चित्र उघडलं.

सासूबाई.

चढलेल्या भुवया, खाली ओढलेले ओठ, हात धुऊन या म्हणणारी नजर. झिजलेलं सगळं भरून काढून, नव्या कोऱ्या काळ्या रेघांत, स्क्रीनभर.

मग धाकट्याच्या तोंडून निसटलं, "आजी."

मी जावयाला कधी उलटून बोललेली नाही. त्या दिवशी बोलले. "वेळ नव्हता तर सांगायचं होतं, जावईबापू. जुनं खोकं पुढ्यात ठेवून गिरवलंत. ही बाई मी जन्मभर डोक्यावर वागवली. आता कुठे झिजून झिजून उतरत होती, तर तुम्ही तिला मांडी घालून परत बसवलीत. आणि ती नखाएवढी करा नाहीतर भिंतीएवढी करा, म्हणजे आता झिजायचीही सोय नाही."

त्यांचा चेहरा उतरला. इस्त्रीसुद्धा उतरल्यासारखी वाटली. "आई, मी ते खोकं कधी बघितलेलं नाही."

"आमच्याच घरात तीन वर्षं येता-जाता, आणि खोकं बघितलेलं नाही?"

"तुमच्याकडे सगळी घडी करून पालथी ठेवलेली असतात. आणि आमच्याकडे तुम्ही वाकड्या वड्या पाठवता. सुट्या."

हे खरं होतं. वाकडी वडी खोक्यात बसत नाही, ती लेकीकडे जाते.

"मग हे काय आहे?"

ह्या माणसाला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "ह्या फाईलमध्ये थर असतात, आई. एकावर एक. सगळ्यात खालच्या थरात तुमचा फोटो ठेवलाय, झाकून. तो उघडतो." खटका मारला. सासूबाईंच्या मागून मी वर आले, ठेवणीतल्या कपड्यांत, खिडकीपाशी. मग त्यांनी काळा रंग काढून टाकला. राहिल्या केसासारख्या निळ्या रेघा आणि रेघांवर बारीक टिंबं. प्रत्येक रेघ माझ्यावरून जात होती. भुवईची माझ्या भुवईवरून, ओठांची माझ्या ओठांवरून. कुठे ताणलेली नाही, कुठे ढकललेली नाही.

"मी काहीच घातलं नाही," ते म्हणाले. "मी काढत गेलो. सुरकुत्या काढल्या, मान काढली, कानातलं काढलं. एकेक काढून बघायचं, अजून तुम्ही दिसताय का. जे काढल्यावर तुम्ही दिसत नव्हता, तेवढंच ठेवलं."

मी बघत राहिले. सासूबाईंचं आणि माझं रक्ताचं काही नातं नाही. मी दुसऱ्या घरातून आले, येताना माझे ओठ सरळ होते. लग्नातला फोटो आहे, कुणीही बघावा. पण तीच कढई, तीच वाफ, तसेच घासाघीस करणारे दुकानदार आणि तशीच, छान छान म्हणणारी पोरं. त्यात उभं राहून तोंड दुसरीकडे जाणार कुठे? पाट्या रंगवणाऱ्याने सासूबाईंचं तोंड काढलं असं मी आजवर समजत होते. त्याने बहुतेक ह्या धंद्याचं तोंड काढलं होतं.

छापखानेवाली हळूच म्हणाली, "दादा, ओठाचं टोक जरा वर घेऊन बघा ना."

जावईबापूंनी ओठाच्या कडेचं टिंब धरलं आणि किंचित वर ओढलं. दुसऱ्या बाजूचंही. स्क्रीनमधली बाई हसली.

"छान," थोरला म्हणाला.

"छान," धाकटा म्हणाला.

"छानच, आई," सूनबाई म्हणाली.

हे 'छान' माझ्या ओळखीचं होतं. न उघडलेल्या फाईलला मिळालं होतं ते हेच.

"तो माऊस इकडे द्या," म्हटलं.

कॉस्टिकने राठ झालेली बोटं, त्यात ते गुळगुळीत यंत्र. मी टिंब धरलं आणि ओढलं, तर ते सटकलं. ओठ गालावरून वर गेला आणि कानाला जाऊन चिकटला.

"हे पण छान आहे," थोरला म्हणाला.

"वेगळं आहे," सूनबाई म्हणाली.

धाकट्याने तर बघितलंही नव्हतं, पण मान डोलावली.

मी छापखानेवालीला विचारलं, "तू सांग."

"काकू, खोक्यावर हे छापलं तर पोरं साबण न लावता आंघोळ करतील."

जावईबापूंनी एक खटका मारला, ओठ कानावरून खाली आला. परत ती हसरी. आणखी दोन मारले असते तर पहिली आली असती. त्यांनी बोट खटक्यावर धरून ठेवलं होतं. "आई, कुठली ठेवू? तुम्ही म्हणाल ती."

मी त्या हसऱ्या बाईकडे नीट बघितलं. बरी होती. सकाळी आरामात उठत असेल, कुणावर ओरडत नसेल. तिच्याकडून मी साबण घेतला असता, पण भाव पाडून घेतला असता. तिने एकही कढई उतरवलेली नव्हती, हे कुणालाही दिसलं असतं.

"ही कोण, मला माहीत नाही," म्हटलं. "हिला आपल्या खोक्यावर फुकट का बसवायची? टिंबं होती तिथे न्या."

"म्हणजे आजीच?" धाकट्याने विचारलं.

"म्हणजे मीच. आणि आज कढई तू घासायची."

"पण मी 'येत नाही' असं म्हटलंच नाही."

"म्हणूनच. म्हटलं असतंस तर हे चित्र आपण आठ दिवसांपूर्वी बघितलं असतं."

"मग तू पण म्हणाली नाहीस," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. थोरल्याने छताकडे बघितलं. मी मालकीण आहे, प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायला बांधलेली नाही.

निघताना जावईबापू कॉम्प्युटर पिशवीत घालत होते. मी जवळ गेले. "काम चांगलं आहे," म्हटलं. "आता बघून सांगतेय."

त्यांनी वर बघितलं. "आणि मागे फोनवर?"

"मागे कपाळ चांगलं होतं."

ते हसले. जावई हसताना दिसायला बरे आहेत, लेकीने काहीतरी बघूनच केलं असेल.

खोकी छापून आली. पलंगाखालचा, जिन्यावरचा साबण एकेक करून आत गेला. पहिला गठ्ठा मी थोरल्याकडे दिला नाही. स्वतः घेऊन गेले कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. आमचं सगळ्यात जुनं दुकान ते, आणि दुकानदार सगळ्यात चिवट. घासाघीस करताना तो स्टुलावर पाय वर घेऊन बसतो, म्हणजे पाय दुखून मधेच सोडायला नको.

त्याने खोकं हातात घेतलं. "अरे वा, ब्लॉक नवीन केलात. चेहरा स्वच्छ आला. म्हातारी तीच ना?"

"नीट बघा."

त्याने चष्मा लावला. खोकं लांब धरलं, जवळ धरलं, उजेडात नेलं. "तीच की."

"मी आहे ती."

त्याने खोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. तोंड उघडलं, काहीतरी चावट जिभेवर आलं असणार, आणि परत मिटलं. मी त्याच दमात नवा भाव सांगितला. त्याने सवयीने एक पाय स्टुलावर घेतला. पुन्हा एकदा खोक्याकडे नजर गेली, पुन्हा माझ्याकडे. मग पाय खाली सोडला आणि फळीवरच्या बरण्या सरकवून जागा करायला लागला.